चारही फेज एकदम

बाबा : नाही म्हणजे नाही! दवाखान्याच्या वायरिंगमध्ये दोष आहे, हे माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस.

सून : बाबा, हळू. बाहेर सगळे ऐकताहेत.

बाबा : ऐकू देत! घरी मी तुझा सासरा असेन. इथे कारखान्यात या पॉवर सप्लायचा मूळ आराखडा माझा आहे.

सून : म्हणूनच बोलावलं ना! डोळ्यांच्या दवाखान्यातलं, आपला सप्लाय बसवलेलं यंत्र सुरू केलं की त्यांचा एमसीबी पडतो आणि वीज जाते. वायरिंग तपासा, असं मी परवाच कळवलं. आता डॉक्टरांना ते तुमच्याकडून ऐकायचंय.

बाबा : एमसीबी केव्हा पडतो?

सून : रोज सकाळी.

बाबा : दुपारी का नाही?

सून : मला काय ठाऊक! वायरमननं काहीतरी ढिलं ठेवलं असेल.

बाबा : ढिली तार घड्याळ बघून बिघडत नाही, सूनबाई! या सप्लायमध्ये चार फेज, म्हणजे एकसारख्या चार शाखा, काम वाटून घेतात. मी आधी एकीलाच, तेही हळूहळू, सुरू करत होतो. वीज साठवणारे रिकामे कपॅसिटर सावकाश भरले, की मग उरलेल्या तिघी. तो क्रम कुणी मोडला?

सून : मी. यंत्र सुरू व्हायला वेळ लागतो, अशी ओरड होती.

बाबा : म्हणून चौघींना एकदम मोकाट सोडलंस? रात्रभर बंद राहून रिकामा झालेला कपॅसिटर म्हणजे उपाशी माणूस. ताट दिसल्यावर तो घास मोजत नाही. पहिल्याच क्षणी एवढा प्रवाह ओढला, तर एमसीबी पडणारच! तो बिचारा आपलं काम चोख करतोय आणि शिव्या खातोय वायरमन!

सून : पण चाचणी माझ्यासमोर झाली. कितीदा तरी बंद-चालू केलं. प्रवाह एकदाही उसळला नाही.

बाबा : बंद केल्यावर थांबलात?

सून : थांबायचं कशाला? लगेच चालू.

बाबा : आणि वीज खाणारा भार?

सून : जोडला नव्हता.

बाबा : मग कपॅसिटर रिकामे व्हायचे कसे? जेवून उठलेल्याला पुन्हा पानावर बसवलंत आणि वर म्हणता, याला भूकच नाही! ही कसली चाचणी?

सून : बाबा, पुरे.

बाबा : पुरे कसं? हा सप्लाय काल संध्याकाळपासून बंद आहे. दाब बटण. तूच दाब.

(खट् असा आवाज. टेबलावरचा दिवा विझतो.)

बाबा : हं. आता म्हण, आपल्याही वायरिंगमध्ये दोष आहे!

सून : टोमणे नकोत. कळलं मला. सुरू करण्याचा क्रम आजच पूर्ववत करते.

बाबा : आणि त्या माणसावर ठेवलेला ठपका? तो कोण पुसणार?

सून : फोनच लावतेय... हॅलो, पॉवर सप्लायच्या कारखान्यातून बोलतेय. नाही, डॉक्टरसाहेबांशी नंतर बोलेन. आधी तुमच्या वायरमनना द्या... कामावरून काढलं? केव्हा?... आमच्या सांगण्यावरून?

बाबा : काय म्हणताहेत?

सून : नाही हो, त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती. डॉक्टरांनाही तेच सांगणार आहे... हो, थांबते मी. त्यांच्या घरचा नंबर शोधा.