डबीतलं ज्येष्ठमध

येते हो, येते पानी! घागरी काऊन आपटता बाया हो, थांबा ना जराशा! वॉल अर्धा खोलला ना म्या? सोळा फेरे फिरवले. बत्तीस फेऱ्यांचा वॉल हाये हा, पुरा खोलल्याबिगर पानी नळाले चढत नाही, तुमच्या मोरीतली तोटी नाही. सोळा झाले, आता बसलो. डॉक्टरनं सांगतलं हाये, अर्धं काम करा, बसा, मंग उरलेलं करा. तं मी बसलो. आता तुमी म्हनान, एवढा धडधाकट मानूस, सकाळी सकाळी वॉलच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, याले काय धाड भरली? तेच तं! हेच तं रडनं हाये माह्यं! दिसत तं काहीच नाही ना!

तुमाले सांगतो, दोन वर्षं झाले. डेंगू झाला मले, तुमाले माहीतच हाये, त्या साली कोनाच्या घरी नाही झाला? सारे बरे झाले. माह्याबी ताप गेला, पन जाताना माह्यातला मानूस घेऊन गेला. झोपून उठलो का झोपाच्या आधीपेक्षा जास्त थकेल! आंघोळ केली का आंघोळीचा थकवा, अन् तो उतरावा म्हनून बसलो का बसाचा थकवा. चप्पल पायात घातली का वाटे, बस्स, आजच्यापुरतं एवढं काम पुरे. अन् हे कोनाले सांगाव? सांगतलं का म्होरचा पहिले खालून वर पाहे, मंग वरून खाली पाहे, अन् म्हने, "दिसत तं काहीच नाही!"

खामगावले जाऊन तपासाले रक्त देलं. शुगर नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. हिमोग्लोबिन तं असं निघालं का थो लॅबवाला मले म्हनते, "काका, तुमच्यापेक्षा माह्यं कमी हाये." आता सांगा! मानूस रिपोर्ट नॉर्मल आला का पेढे वाटते, अन् मी एसटीत तोंड पाडून बसलो. बाजूचा म्हने, "काय झालं भाऊ, काही वाईट निघालं काय?" म्हटलं, काहीच नाही निघालं बावा, हेच वाईट झालं.

अन् आपले सरपंच, मानिकराव! हाव, सांगतो ना, भेतो काय मी? बोलावलं मले आफिसात. "सहदेव, तुले दुखते काय?" म्हटलं, दुखत नाही, थकतो. "ताप?" नाही. "मुका मार?" नाही. "मंग काय हाये?" म्हटलं, थकवा हाये सरपंचसाहेब. "थकवा नाही बे, आळस हाये थो. अन् आळसाची रजा ग्रामपंचायतीत नसते. लोकं बोंबलून राह्यले, पानी येळेवर येत नाही. असंच राह्यलं तं वॉलची चावी मी गोपालच्या हाती देतो." गोपाल म्हंजे त्याचा भाचा. खामगावच्या जिमात जाते थो. दंड पाहा तुमी त्याचे, शर्टाची बाही उसवते.

आता ही चावी पाहा. लोखंडाची, छातीइतकी उंच. एकोनीस वर्षं माह्या खांद्यावर हाये. माह्यी पायल जलमली त्या दिवशीबी म्या आधी पानी सोडलं, मंग पोट्टीचं तोंड पाह्यलं. ही गेली तं पगार जाईन थो जाईन, पन या गावात मले हाक कोन काऊन मारीन? लय जीवाले लागलं माह्या. पन मी रडलो तरी लोकं म्हनतीन, रडाले तं ताकत हाये!

घरीबी तेच. केसर, माह्यी मंडळी, तिनं तोंडावर मले कधी आळशी म्हटलं नाही, खोटं कायले बोलू. थे फक्त झाडता झाडता माह्या बाजेपाशी आली का झाडू जोरात आपटे. एकटी पायल, अकरावीले हाये, थे एक डाव म्हने, "बाबा, तुमी खोटं नाही बोलत, मले माहीत हाये." बस्स, एवढंच. तुमाले सांगतो, त्या दिवशी मी वॉल खोलता खोलता रडलो. अन् रडून अजूनच थकलो.

मंग आला मोतीराम! आपला किरानावाला हो. त्याच्या दुकानात साखर कमी अन् सल्ला जास्त. मले म्हने, "सहदेवभाऊ, थकव्यावर एकच गोष्ट, ज्येष्ठमध! लाकडासारखी कांडी राह्यते पाहा, गोड, गळा बसला का चावते थे. त्याची पूड करून देतो. चिमूटभर, दुधात, सकाळी. पंधरा दिवस. मंग बंद." आता मोतीरामाले दोष नाही देनार मी. त्यानं चिमूट सांगतली, दूध सांगतलं, पंधरा दिवस सांगतले. पन दूध मले लहानपनापासून चालत नाही, उलटी होते. दुधाबिगर कसं घ्यावं? तवा माह्या डोकशात आली आयडिया...

तंबाखू! वीस वर्षांची सवय. केसर म्हने सोड, डॉक्टर म्हनते सोड. म्या म्हटलं, चाला, एका दगडात... जाऊ द्या. डबीतली तंबाखू फेकली, अन् तिच्यात भरली ज्येष्ठमधाची पूड. चुना तसाच ठेवला हो पहिले दोन दिवस, मंग ध्यानात आलं का चुन्याचं इथं काय काम? पन घोटाची सवय कुठं जाते? तळहातावर घेतली, अंगठ्यानं घोटली, दोन टाळ्या मारल्या, अन् ओठाखाली ठेवली. आता चिमूट म्हंजे कोनाची चिमूट? मोतीरामाची चिमूट औषधाची हाये, माह्यी चिमूट तंबाखूची हाये! दिवसातून दहा डाव, बारा डाव. वॉल खोलला, चिमूट. वॉल बंद केला, चिमूट. मीटिंग हाये, चिमूट. पारावर बसलो का बाजूचा हात पुढं करे, "दे बे थोडीशी." गोड लागे त्याले, पुन्हा हात पुढं करे. पन बाकीच्यांची एक डाव, माह्यी बारा डाव.

अन् फरक पडला! हाव, पडला. पहिले आठ-दहा दिवस असं वाटलं का बावा, जीव आला. बत्तीस फेरे एका दमात. केसरनं झाडू हळू मारला. म्हटलं, झालं, गावलं औषध! अन् पंधरा दिवस झाल्यावर? बंद कायले करा? गुन येऊन राह्यला, तं अजून घ्यावं ना मानसानं!

पायल मोबाईल पाहून म्हने, "बाबा, हे लय दिवस घ्यायचं नसते, बीपी वाढते म्हनते याच्यानं." म्या म्हटलं, पोरी, झाडपाला हाये, झाडाचं मूळ, त्याच्यानं काय होते? काही गोळी हाये काय थे? या दुनियेत माह्यावर विश्वास ठेवनारी एकच पोट्टी, अन् म्या तिच्यावरच नाही ठेवला.

महिना झाला. अन् थकवा आला वापस! अन् आला थो मित्रमंडळी घेऊन आला. डोकं दुखे, पाय जड, मांड्यांत गोळे. तं म्या काय केलं? चिमूट वाढवली! थकवा वाढला तं औषध वाढवा, साधा हिशेब. अन् लोकं काय म्हनत सांगू? माह्या गालावर सूज चढली, पाय भरले, अन् बंदं गाव, एकूनएक मानूस, म्हने, "सहदेवची तब्येत सुधरली बावा!" मानिकरावानं पाठीवर थाप मारली, "वा! गाल कसे भरले! अन् म्हने थकतो!" मी सुजून राह्यलो, अन् हे तब्येत मोजून राह्यले! सांगाव तरी काय? दिसत तं काहीच नाही ना, अन् दिसलं तं उलटंच दिसते!

मंग एका दिवशी, याच खड्ड्यात, अकराव्या फेऱ्यावर हात थांबले. म्हंजे मी सांगून राह्यलो हाताले का फिरव, अन् हात ऐकेच ना. गुडघे गेले. बसलो थो उठूच शकलो नाही. तुमीच होत्या ना सरस्वतीबाई, तुमीच तं वरडल्या! चार जनांनी उचलून आटोत घातलं अन् नांदुऱ्याले दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीनबाई तरनी पोरगी. बीपी पाह्यला, पुन्हा पाह्यला, मशीन बदलून पाह्यला. एकशे नव्वद. रक्त नेलं. म्हने, "काका, पोटॅशियम फार खाली गेलंय, म्हणून हातपाय गळाले. काय काय खाता तुम्ही?" केसर म्हने, "काहीच नाही हो म्याडम, उलट तंबाखूबी सोडली यानं!" अन् केसर असं म्हनून राह्यली, अन् मी, एका हाताले सलाईन लागेल, दुसऱ्या हातानं खिशातून डबी काढली... सवय हो! बाजूले उभ्या पायलच्या तळहातावर घेतली, अन् अंगठ्यानं घोटाले लागलो. डॉक्टरीनबाई पाहूनच राह्यली. "हे काय आहे?" म्हटलं, ज्येष्ठमध. "दिवसातून किती वेळा?" म्हटलं, मोजत नाही जी, दहा-बारा. "किती दिवसांपासून?" म्हटलं, तीन महिने. थे बाई खुर्चीवर बसली. म्हने, "काका, हे इतकं अन् इतके दिवस घेतलं की अंगात मीठपाणी साठतं, बीपी चढतो, पोटॅशियम निघून जातं, अन् माणसाला काय येतो माहीत आहे? थकवा!"

ऐका! थकव्याचं औषध खाऊन खाऊन म्या थकवा आनला!

पायलनं काय केलं? फक्त डबी घेतली माह्या हातातून, अन् आपल्या दप्तरात टाकली. थे रागावली असती तं बरं वाटलं असतं मले.

पन तुमाले सांगतो, काय ते पाच दिवस! सलाईन लागली ना? बाटली लटकली ना उलटी? बस्स, मानूस बीमार झाला! दोन वर्षं मी बीमार होतो, कोनी कुत्रं नाही आलं पाह्याले, अन् आता बंदं गाव! बिस्कुटाचे पुडे सतरा. केळी तं इतकी का डॉक्टरीनबाई खूश, म्हने, "खा, पोटॅशियम असतं त्यात." मोतीराम आला, रडला, म्हने, "भाऊ, म्या चिमूट सांगतली होती." म्हटलं, सांगतली होती गड्या. अन् मानिकराव! नारळपानी घेऊन आला. माह्या हात हातात घेतला. "सहदेव, तू आराम कर. चावी तुह्यीच हाये, कुठं जात नाही." केसर उशाशी बसून मोसंबी सोलून राह्यली. एवढा मान मले माह्या लग्नात नाही भेटला! पडल्या पडल्या डोळ्यांत पानी आलं. म्हटलं, दिसलं बावा एकदाचं! दिसलं यायले!

अन् मंग... मंग काय, बरा झालो ना! ज्येष्ठमध बंद, सूज उतरली, बीपी उतरला, महिन्यानं पोटॅशियमबी जागेवर. डॉक्टरीनबाई म्हने, "काका, सगळं नॉर्मल!" म्या खुर्ची सोडली नाही. म्हटलं, अन् म्याडम, थो पहिला थकवा? ज्येष्ठमधाच्या आधीचा? थो तं हायेच. थे म्हने, "असतो काका. ताप येऊन गेला की काही जणांचा राहतो, महिनोन् महिने राहतो. खोटा नसतो. पण तो दाखवणारी तपासणी आमच्याकडे नाही. थोडं काम करा, बसा, मग थोडं करा." म्हटलं, हेच लिहून द्या जी कागदावर. देलं लिहून. इंग्रजीत तीन ओळी. पायलनं वाचून दाखवलं. पहिली ओळ, बीपी नॉर्मल. दुसरी, पोटॅशियम नॉर्मल. तिसरी, थकव्याचा आजार हाये, याले मधी मधी आराम द्या. मी थो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मानिकरावाकडं नेला. त्यानं चष्मा लावला. पहिली वाचली. दुसरी वाचली. अन् चष्मा काढला! "नॉर्मल ना? वा! मंग सोमवारपासून ये. अन् आठच्या आत पानी नाही सुटलं तं गोपाल हायेच."

तं आज सोमवार. हा कागद खिशात. अन् गोपाल थो काय, निंबाखाली गाडीवर बसेल हाये, मोबाईलात येळ पाहून राह्यला. किती वाजले? पावनेआठ? सोळा फेरे राह्यले...

काय म्हनता सरस्वतीबाई? "एवढा येळ बोलाले तं थकला नाही!" घ्या! झालं! हेच ऐकाचं राह्यलं होतं. आं? गोपालले सांगू फिरवाले? हाव, सांगा ना. ये बे गोपाल, ये, तुह्यीच हाये चावी, धर. असा पाय रोव. हां, फिरव. सतरा... दम लाव बे, गंजेल हाये थो, जिमचं सामान नाही... अठरा... कमरेतून नाही, खांद्यातून... एकोनीस... वीस... काय झालं? काय म्हनतो? "काका, हे माह्याच्यानं नाही होत, मामाले मीच सांगतो"? आरं बस, बस इथं माह्यापाशी.

पाहा! पाहा बाया हो, चार फेऱ्यांत कसा घाम फुटला त्याले, तोंड कसं लालबुंद झालं! सरस्वतीबाईनं पदरानं वारा घालाले सुरुवात केली. कोनी पानी आनलं, कोनी म्हनते सावलीत न्या त्याले... अन् काऊन नाही? त्याचं दिसते ना!

चाला. चावी तं वाचली. आना इकडं, फिरवाले आता मीच हाओ. एकवीस... बावीस...