लांब रांग

रक्त तपासायच्या दोन खिडक्या होत्या. एकीसमोर लांब रांग, दुसरीसमोर चिटपाखरू नाही. सगळे लांब रांगेत, म्हणून सुतारही तिथंच उभा राहिला. पुढे दोघी जावा होत्या. थोरली याच दवाखान्यातली नर्स, आज रजेवर.

"बघ, खिडकीतली ती कालची पोर. माझ्याआधी मुख्य नर्स झाली!"

"कोर्स केलाय ना तिनं, जाऊबाई?"

"कसला कोर्स! ना पेपर, ना टक्के. म्हणे शंभर जणांची शीर पहिल्याच टोचणीत सापडली, की पास."

"मग तुम्हीही करायचा होतात."

"बावीस वर्षं सुया टोचतेय मी. मला कोण शिकवणार?"

"पोटात दुखतंय वाटतं तुमच्या."

"माझ्या कशाला दुखेल? पण ते लाडिक बोलणं ऐक. सुई टोचतेय की बाळ जोजवतेय!"

सुताराला कामावर परतायचं होतं. तो म्हणाला, "ताई, शेजारची खिडकी रिकामी आहे. तुम्ही तिकडे गेलात तर इथली रांग तरी सरकेल."

थोरलीनं बाही वर सारली.

"तिकडे? तो परीक्षेत पहिला आलेला आहे हो, पण शीर सापडेपर्यंत चारदा टोचतो. घाई असेल तर तुम्हीच जा."