रुख्मिणीबाईचं विरजण

—मेले नाही भाऊ, जंतू झोपले हायत. बाटली नाकाजवळ नका नेऊ, तुम्ही शिंकले तं लाखो उडतीन. तुमच्या कंपनीले हेच जंतू विकत पाहिजेत न? मग ऐका. हे माझ्या सासूच्या दह्यातले. रुख्मिणीबाई — आमचं अर्धं हुडकेश्वर तिच्याकडून विरजण नेत जाय, अन् मले म्हणे, 'हात लावू नको वं, तुह्या लॅबचा वास लागन!' एकदा मागितलं तं वाटी आपटली — 'घे, मार माह्या दह्याले!' अन् मारलंच मी! नुसतं गोठवून वाळवलं — बर्फाच्या सुया घुसल्या, सारे खलास. मग वाटीत उरलेले दुधात कालवले, समुद्री शेवाळाच्या डिंकात घोळले, कॅल्शियमच्या पाण्यात थेंब-थेंब सोडले — साबुदाण्यासारखे मणी! ते गोठवले, मशीननं हवा ओढली, बर्फ न वितळता सरळ वाफ होऊन उडाला. अन् जंतू आत स्वेटर घालून पडले. पोटातलं तेजाबही बऱ्यापैकी झेलतेत — सारे नाही, खोटं कायले बोलू?

मग बुढी दवाखान्यात पडली. आम्ही सारे तिथीच, घरी लाइट गेलेली, मे महिना — फ्रिजमधलं विरजण सडलं. परत आली तं पहिला सवाल, 'माहं विरजण कुठी हाय?' नवरा माझा शूर, बाथरूमात घुसला. मीच सांगितलं. लग्नात तिच्या मायनं दिलं होतं ते. मोहल्ल्यात विचारलं, तं तिचं विरजण कोणाकडंच उरलं नव्हतं. झालं — बुढीनं जेवणच सोडलं. चमचाभर पेजही थुंकून दे! काय करता? लॅबमधून हे मणी आणले, तिच्यासमोर कोमट दुधात टाकले. म्हणे, 'रांगोळी टाकून राहिली काय वं?' सकाळी पाहते तं दूधच! भांडं तसंच झाकून ठेवलं. जागं व्हायले वेळ लागते न त्याईले. दुपारी लागलं — घट्ट. बुढीनं जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मले वाटलं, आता शिव्या. 'आंबट हाय जरासं,' म्हणे. 'पण माहंच होय.' अन् पोळी मागितली! तिथून पुढं रोज मले बाजूले बसवून वाटीभर खाऊ घाले. मले दही आवडतही नाही हो.

यंदा थंडीत गेली. — नाही, रडून नाही राहिली, एसीचं वारं लागते डोळ्याले. अजून रोज लावते, रोज खाते. आवडत नाही म्हटलं न! मग काहून खाते? — तुमाले काय करायचं? अन् पाकिटावर काय छापणार तुम्ही, 'पोटमित्र'? हट्! नाही विकायचं. साहेबाले सांगा, बाई सनकी हाय. चहा झाला न? उठा मग. नवरा येईन आता — त्याच्यासमोर यातलं काही बोलू नका, मायच्या आठवणीनं पुन्हा बाथरूमात घुसन.