लांब दाण्यातली रेघ

गिरजा : बाकीचं मंग सांग. माहा धान तडकला होता का नाही, एवढंच पहिले सांग मले.

उर्वशी : नव्हता तडकला, माय. बारा दाण्यांतले अकरा आतून शाबूत आहेत. हे फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून सकाळच्या गाडीने आले. वाईट बातमी फोनवर दिली, तेवढं पुरे झालं.

नत्थूलाल : संक्रातीनंतर तं तूच म्हनली होती, पोरी. तुमच्या संस्थेनं एकतीस जातींचे धान तपासले, तेवीस जातींत आतून चिरा, त्यात आपला धान बी. मशीननं आत पाहून सांगतलं म्हनली. आता तेच मशीन दुसरं बोलून राहिलं का?

उर्वशी : मशीन तेव्हाही खरंच बोलत होतं, बाबूजी. त्याचं बोलणं आम्हाला दाखवणारं सॉफ्टवेअर चुकलं.

नत्थूलाल : हे दोन वेगळे हायेत?

उर्वशी : वेगळे. मशीन दाण्याचे एक्स-रे काढते. दाणा उभा ठेवायचा आणि ते खालून वर फोटो काढत जाते. काकडीच्या चकत्या करतो ना, तशा चकत्यांचे फोटो. सॉफ्टवेअर त्या चकत्या एकावर एक रचते आणि कॉम्प्युटरात अख्खा दाणा उभा करते. मग त्याला आडवा कापा नाहीतर उभा कापा, आतलं सगळं दिसते. खरा दाणा आपला डबीत जसाच्या तसा.

गिरजा : अन् उभा कापला का रेघ दिसे.

उर्वशी : हो. केसासारखी काळी रेघ. अहवालात लिहिलं, आतून चिरा आहेत, मिलमध्ये दाणा तुटून कणी होईल, बियाण्याला घेऊ नये. तो अहवाल मीच टाइप केला आणि तुला फोन लावला. तू काय विचारलं होतं तेव्हा?

गिरजा : विचारलं होतं, सगळ्या दाण्यायले एकाच जागी चीर काऊन? उन्हानं धान तडकते हे मले मालूम हाय. पण एखादा टोकाशी तडकते, एखादा मंधात. बारा दाणे काय एकमेकाले विचारून तडकतेत?

उर्वशी : आणि मी काय म्हणाले?

गिरजा : म्हनली, माय, यातलं तुला समजत नाही. अन् फोन ठेवला.

उर्वशी : हो. तसंच म्हणाले.

गिरजा : जाऊ दे आता. मंग काय झालं?

उर्वशी : थांब, हे विमान जाऊ दे.

नत्थूलाल : नवीन पोरं विमान उडवाले शिकून राहिले. दिवसभर डोक्यावरच फिरतेत. हां, बोल.

उर्वशी : तुझं बोलणं डोक्यातून जाईना. चार दिवसांनी बाराही दाण्यांचे फोटो काढून बसले. बाराही रेघा एकाच जागी. मग दुसऱ्या जातीचे दाणे काढले, मग तिसऱ्या. सगळीकडे खालून दोनशे छप्पन्नाव्या चकतीवर. एक चकती इकडे नाही की तिकडे नाही. मी टिकाराम सरांकडे गेले.

नत्थूलाल : हे कोन?

उर्वशी : आमचे साहेब. साकोलीकडचे आहेत. ते सॉफ्टवेअर त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी लिहिलं. आणखी दोन प्रयोगशाळा तेच वापरतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दाण्याचा मधला भागच नाजूक असतो, तिथेच चिरणार. अहवाल महिन्याअखेर दिल्लीला जायचा आहे, यात वेळ घालवू नको.

गिरजा : मोठा माणूस हाय. तुले खोटं वाटलं नाही?

उर्वशी : दोन दिवस मलाही त्यांचंच खरं वाटलं. मग आडवे काप पाहत बसले. आडव्या कापात त्या जागी एकाही दाण्याला काही नाही. एकाच दाण्याची आडवी चकती स्वच्छ आणि उभी चिरलेली, असं कसं होईल? तेव्हा जे सुचेल ते करून पाहिलं. कॉम्प्युटरचं चित्र काढणारं कार्ड बदललं, रेघ कायम. रंग बदलले, कायम. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, तरी तीच. नऊ दिवस गेले. बाजूच्या टेबलावरची मंडळी विचारायची, उर्वशी मॅडम, आज कुठे चिरलं?

नत्थूलाल : हासत होते म्हन.

उर्वशी : हसायचेच. दहाव्या दिवशी मी सॉफ्टवेअर सोडलं आणि दाण्याकडे वळले. तुझ्याच धानाचा एक दाणा घेतला आणि त्याच्याखाली मेणाचा तुकडा ठेवला. दाणा तेवढा वर सरकला. आता चीर खरंच दाण्यात असेल, तर तीही त्याच्याबरोबर वर सरकायला पाहिजे.

नत्थूलाल : बराबर हाय. बैलाच्या अंगावरचा डाग बैल जाईल तिकडे जाईल.

उर्वशी : नाही गेला, बाबूजी. दाणा वर गेला आणि रेघ जिथल्या तिथे. आधी मध्ये होती, आता खालच्या टोकाशी आली. पुन्हा दोनशे छप्पन्नच.

गिरजा : मंग दाखवलं का सायबाले?

उर्वशी : दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ही दुसरी चीर असेल, मेण लावताना पडली असेल. खाली चौकीदाराच्या मुलीकडे काचेच्या गोट्या होत्या, त्यातली एक बारकी मागून आणली आणि मशीनमध्ये ठेवली. कॉम्प्युटरात उभी कापली, तर गोटीलाही तीच चीर. सरांनी गोटी हातात घेतली, खिडकीजवळ गेले, उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. मग खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले आणि म्हणाले, काढ माझा प्रोग्राम. पहिल्या ओळीपासून वाचू.

नत्थूलाल : अन् सापडली?

उर्वशी : दुपारी सापडली. जुन्या काळी कॉम्प्युटरला एका वेळी फार फोटो पेलत नव्हते. म्हणून सरांनी दोनशे छप्पन्न फोटोंचा एक गठ्ठा केला होता. एक गठ्ठा भरला की दुसरा. पण गठ्ठा भरताना मोजणी एकाने आधी थांबत होती. शेवटचा फोटो आत जातच नव्हता आणि त्याची जागा काळी राहायची. उभा काप या गठ्ठ्यांतून बनतो, म्हणून त्यात रेघ. आडवा काप सरळ मूळ फोटोतून येतो, म्हणून तो स्वच्छ.

गिरजा : एका आकड्याचा घोळ.

उर्वशी : एका आकड्याचा. जुन्या मशीनवर दाण्याचे जेमतेम दोनशे फोटो निघत, गठ्ठा कधी भरतच नव्हता. मागच्या वर्षी नवीन मशीन आलं आणि लांब दाण्याचे चारशे निघायला लागले. आखूड दाणा दोनशेतच संपतो. म्हणून आखूड दाण्याच्या आठही जाती पास झाल्या आणि लांब दाण्याच्या तेवीस नापास.

नत्थूलाल : म्हनजे आपल्या धानाचा गुन्हा एवढाच का तो लांब होता.

उर्वशी : एवढाच. आकडा मी बदलला, पण चालू करायचं बटण सरांनी मला दाबू दिलं नाही. स्वतः दाबलं. गोटी अखंड झाली. मग तुझा दाणा. माय, इतका सुंदर दिसला तो. पांढरा, भरलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला रडायला आलं आणि सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, पुढचा लाव.

गिरजा : अन् बाकीच्यायचे?

उर्वशी : तेवीसपैकी एकवीस जाती सुटल्या. दोन जातींत खरंच चिरा निघाल्या. तुझ्या बारांपैकी एका दाण्यात बारीकशी आहे, तीही तिरपी, टोकाजवळ.

गिरजा : असनारच. एक तं असनारच.

उर्वशी : सोमवारी मोठी मीटिंग होती. अहवाल मागे का घेतला, हे सांगायचं होतं. मला वाटलं, सर म्हणतील सॉफ्टवेअरमध्ये अडचण होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी आहे. ती उर्वशीने शोधली आणि मी तिला दोनदा परत पाठवलं. मग बाकीच्या दोन प्रयोगशाळांना त्यांनी स्वतः पत्रं लिहिली. त्यात तुझा प्रश्नही लिहिला आहे, एकाच जागी चीर का म्हणून. बिरसीच्या शेतकरी गिरजाबाई यांनी विचारलेला.

गिरजा : माहं नाव कायले टाकलं?

उर्वशी : तू विचारलं म्हणून. आणि आता मुख्य गोष्ट. खरीपात आमच्या संस्थेच्या शेतावर तुझा धान लावायचा ठरला आहे. दहा किलो बियाणं पाहिजे. परत जाताना घेऊनच जाते.

गिरजा : कोठी रिकामी हाय.

उर्वशी : रिकामी कशी? बियाण्याने भरलेले चार कट्टे होते ना?

गिरजा : तुह्या बाबूजीले विचार. मी बहिनीकडे आमगावले गेली होती. आली तं कोठी झाडून ठेवली होती. वीस दिवस झाले, मी तिकडे पाहतच नाही. मायकडून आनला होता तो धान. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.

उर्वशी : बाबूजी?

नत्थूलाल : राइस मिलमंधी नेला होता. तडकलेला धान, बियान्याच्या काय कामाचा, असं वाटलं. त्या धानाच्या बांधीत हायब्रीड लावाचं ठरवलं होतं मनात.

उर्वशी : चारही कट्टे?

नत्थूलाल : ऐक तं खरं. एक कट्टा टाकला मशीनमंधी. तांदूळ पडाले लागला तसा मिलवाला दुर्गाप्रसाद म्हनते, नत्थूलालजी, ये तो बहुत बढिया माल है, कणी दिसतच नाही. मी मूठभर घेऊन पाहिला. अख्खाच्या अख्खा दाना. दुसऱ्या कट्ट्याची दोरी सोडून राहिला होता त्याचा मानूस. मी म्हनलो, थांब. तिन्ही कट्टे वापस भरले बैलबंडीत.

गिरजा : वापस आनले? कुठं हायेत?

नत्थूलाल : माह्या दोस्ताच्या, शालीकरामच्या घरी ठेवले. पाटावर, भिंतीपासून दूर, तू ठेवते तसेच.

गिरजा : अन् मले वीस दिवस सांगतलं नाही.

नत्थूलाल : काय सांगू? मशीन म्हने तडकला, अन् माही मूठ म्हने शाबूत. मशीन खोटं बोलत नाही, असं साऱ्या गावात मीच सांगून आलो होतो.



गिरजा : उर्वशी, तुहे सायब सगळ्यायसमोर तसे बोलले, तवा लोक हासले का वो?

उर्वशी : नाही, माय. कोणीच हसलं नाही.

नत्थूलाल : गिरजा, तुले न विचारता नेला मी. चुकलं माहं.

गिरजा : तो पहिल्या कट्ट्याचा तांदूळ कुठं हाय?

नत्थूलाल : तो बी शालीकरामच्याच घरी.

गिरजा : मंग आना जाऊन. आज तोच रांधते.