चौथी लाट

...नाही, पण मला सांगा, लाटा मोजायला काय हात झिजतात का कुणाचे? तुम्हाला सांगतो, बंद पडलेल्या फेरीबोटीच्या भाड्याचे पितळी बिल्ले आहेत माझ्याकडे, सहाशे, खिडकीवर विकत घ्यायचे आणि चढताना पेटीत टाकायचे ते, आणि घरच्यांना वाटतं सगळे एकच! बायको म्हणते, "अहो, वर कोरलेली बोट तीच, भोक तेच, लाटा कोण मोजतं?" मी मोजतो. बोटीखाली तीन लाटा. सगळ्यांवर तीन. आणि एकावर... चार!

तीन दिवस माझं जेवणात लक्ष नाही. मेहुण्याला भिंग दिलं, तर हा गडी बिल्ला उलटा धरून म्हणतो, "छान आहे भावजी, पण लाटा कोण मोजतं?"

आमच्या संग्राहक मंडळाचे अध्यक्ष मात्र उडालेच. "एकमेव नग! पुस्तिकेत छापू, तुमच्या नावानं. फक्त या बिल्ल्यांचा साचा कोरणाऱ्याला एकदा विचारून या." तीस वर्षं त्या मंडळात मी नुसत्या सतरंज्या उचलतोय, पहिल्यांदा नाव छापून येणार, म्हणजे विचार करा तुम्ही!

गेलो. साचे कोरणारे आजोबा, वय नव्वद, हात अजून स्थिर. बिल्ला हातात घेतला, लाटांवरून नख फिरवलं आणि मूठच मिटली हो. "लाटा मोजल्यात तुम्ही?" म्हटलं, मोजल्या. तर खाली बघून, अगदी हळू, "दुसऱ्या साच्यावर हात घसरला माझा. कळलं तोवर काही शे बिल्ले बोटीवर गेले होते. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मी आहे तोवर छापू नका, एवढं कराल?"

वाईट वाटलं मला, माझंही आणि त्यांचंही. पण "नाही छापत" म्हणून बसलो, आणि म्हातारा असा खुलला, की मलाच बरं वाटलं. म्हटलं, जाऊ दे, नाव गेलं तर गेलं, बाकीचे केव्हाच भंगारात वितळले असतील, जगात उरलेला एकमेव बिल्ला तर आपल्या खिशात आहे ना...

तेवढ्यात आजोबांनी पलंगाखालून एक पिशवी ओढली, दोन्ही हातांनी. "दर रविवारी बोटीवर जायचो. मूठभर बिल्ले घ्यायचो, चार लाटांचे तेवढे काढून ठेवायचो, बाकीचे पेटीत. बोट बंद होईपर्यंत. एक निसटला होता, तो तुम्हाला सापडला. आता सगळे तुम्हीच सांभाळा."

खांदा मोडला घरी आणेपर्यंत. पण मन मजेत होतं, खोटं कशाला बोलू? दारातच बायकोनं विचारलं, "काय, एकमेव निघाला का तुमचा बिल्ला?"

म्हटलं, "निघाला ना. चारशे बारा आहेत."