परत आलेले रुपये

वडूजच्या स्टँडवर अंकिता सांगलीच्या एसटीची वाट बघत बसली होती. गावोगावच्या बातम्यांची आपली वेबसाइट गुंडाळून ती नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती. बातमीमागं वाचकाकडून एक रुपया घेऊन कुणाचं भागलंय? इतक्यात मागच्या बाकावरची म्हातारी नातवावर उखडली.

"सूरज, आपलं रुपये माघारी का आलं रं?"

"आज्जे, एका बातमीला एकच रुपया असतोय. तुज्या सांगण्यावरनं मी एकाच फोनवरनं धा-बारा डाव भरला. त्या बातमीवाल्या पोरीला वाटलं, चुकून आला, तिनं माघारी धाडला."

"चुकून कसा? तू वाचलंस आन समद्या वस्तीनं ऐकलं. ऐकणारी जेवढी, तेवढं रुपये!"

"आगं, तसं नसतंय."

"न्हाई कसं? गोंधळ ऐकला की आरतीच्या ताटात एकानंच पैसं टाकायचं आन बाकीच्यांनी नुसतं उठून जायाचं व्हय? मेंढरांचा डाक्टर येत नव्हता, ते तिनं छापलं. आला का न्हाई डाक्टर?"

"आला की."

"मग आमचं पैसं तिला नगं का झालं?"

"एका फोनम्होरं किती माणसं बसत्यात, ते तिला काय ठावं?"

"मग कळीव की तिला!"

"चला, सांगली, सांगली!" कंडक्टर ओरडला. अंकिता पिशवी घेऊन उठली आणि मागं वळली.

"आजी, ती पोरगी मीच. माझे रुपये द्या परत."

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सूरज, काढ रं फोन."