तुळाजीच्या सनईवरचं रक्त

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! दुखणं बोंबलत असलं तर भ्यायचं, की गप्प झालं म्हणजे भ्यायचं? — विचार करा, तोवर तुळाजीची गोष्ट ऐका!

तुळाजी गुरव हा भैरोबाच्या देवळातला सनईवाला. एका सकाळी आरती संपली, सनई ओठांवरून काढली, बघतो तर — तोंडात धरायच्या पत्तीवर रक्त!

गडी भ्याला हो! का? अहो, गेल्या चैत्रात यानंच भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतलेली — आजपासून तंबाखू बंद! आणि मिश्री? ती दोन्ही वेळा चालूच! बायको गोदूबाई म्हणायची, "अवं, भाजलेली तंबाखूच की ती!" तर हा म्हणे, "येडी का काय? तंबाखू खात्यात. मिश्रीनं दात घासत्यात!" — मागं बसलेल्या आयाबायांनो, हसताय कशाला? आधी आपल्या डब्या लपवा!

तुळाजीला वाटलं, देव कोपला! सांगणार कुणाला? देवाच्या दारात याच्या तोंडातून रक्त येतंय, हे गावाला कळलं तर सनई हातातून जाणार! बिचारा गप्प बसला. ब्रश लावला की रक्त येतं — म्हणून ब्रश बंद! हिरडी ठणकते — म्हणून मिश्री दुप्पट! आणि नवल बघा, महिन्याभरात रक्त थांबलं! "देवानं माफ केलं," म्हणत गड्यानं नारळ फोडला.

पुढं जत्रा आली. पालखी उचलली, सारं गाव थांबलंय, तुळाजीनं सूर लावला — फुस्स! पुन्हा फुंकलं, तर समोरचे दोन दात हलले! गोदूबाईनं दुसऱ्याच दिवशी त्याला तालुक्याला, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

"रक्त येतं का?"

"न्हाई. देवानं थांबवलं."

"देवानं नाही, बाबा, दातांवर दिसतेय त्या मिश्रीनं! दाताच्या कडेला चिकट थर साचतो, त्यानं हिरडी सुजते, रक्त येतं. तंबाखूनं ते रक्त दबतं. वरून सगळं शांत, आणि आत हाड झिजतंय! हे दोन दात आता वाचणार नाहीत."

"आन् सनई?"

"मिश्री सोडलीत आणि बाकीचे टिकले, तर बघू."

बाईंनी दोन दात काढले, बाकीच्यांचा थर खरवडला. मऊ ब्रशनं दोन वेळा, हिरडीच्या कडेनं हळू घासायला सांगितलं. "सुरुवातीला रक्त येईल. भिऊन थांबू नका."

दुसऱ्या सकाळी चूळ लाल आली. पण तुळाजी थांबला नाही हो! मिश्रीचा डबा गोदूबाईनं उकिरड्यावर नेऊन टाकला. आज तो सनई वाजवतो. पण वरचा सूर नाही लागत. तो त्या दोन दातांबरोबर गेला, तो गेलाच!

आता तुमच्याकडं येतो. हिरडीतून रक्त वाढलेल्या साखरेनंही येतं, पोटुशीला येतं, आडदांड घासण्यानंही येतं — कारण डॉक्टरला शोधू द्या, तुम्ही देव कोपला म्हणून बसू नका! आज सकाळी चूळ टाकलीत, तेव्हा खाली बघितलंत कुणी? उद्या बघा! लाल दिसलं तर डॉक्टरकडं जा. आणि मिश्री लावणाऱ्यांनो — तुम्हाला लाल दिसलं नाही, तरी जा! तुम्ही तर आधी जा!